तोतया ओळखायचा कसा?

चार चिठ्ठ्यांवर राजा, राणी, शिपाई आणि चोर असे लिहून त्या उधळायच्या आणि शिपायाने चोर शोधायचा, हा खेळ तुम्ही खेळला असालच. राजा आणि शिपाई उघड झाले की शिपायासमोर दोनच चेहरे उरतात. मग तो त्या दोघांकडे रोखून पाहतो. कोण गालात हसले, कोणी नजर चुकवली, यावरून निकाल देतो. त्याऐवजी त्याने नाणे उडवले असते, तर शंभरांतून सुमारे पन्नास वेळा तो बरोबर ठरला असता. रोखून पाहिल्याने त्यात कितीशी भर पडते?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. अंबरनाथच्या पालेगावातील एखाद्या इमारतीतली मुले आज तोच खेळ मोबाइलवर खेळताना दिसतील. त्याचे नाव ‘अमंग अस’. अमेरिकेतील इनरस्लॉथ या कंपनीने तो २०१८ मध्ये आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो जगभर पसरला. त्यामागची कल्पना मात्र जुनी आहे. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ याने १९८६ मध्ये ‘माफिया’ नावाचा बैठा खेळ रचला, त्याचाच हा वंशज.

समजा, अंतराळयानावर दहा खेळाडू आहेत. त्यांतले दोघे तोतये. बाकीचे नेमून दिलेली कामे करतात, तोतये कामाचे सोंग करतात आणि संधी साधून एकेकाला ठार करतात. प्रेत सापडले की सभा भरते, उलटतपासणी होते आणि मतदानाने एकाला यानाबाहेर काढले जाते. तोतया हा शब्द आपल्याला इतिहासातूनही ओळखीचा आहे. पानिपतानंतर स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवणारा एक जण उभा राहिला, त्याने अनेकांना फसवले आणि १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. माणूस पाहून खात्री पटणे किती महागात पडते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

आता शिपायाच्या रोखून पाहण्याकडे वळू. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या विषयावरील २०६ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत २४ हजारांहून अधिक लोकांनी समोरचा खरे बोलतो की खोटे, हे कोणत्याही साधनाविना ओळखण्याचा प्रयत्न केला होता. बरोबर उत्तरांचे प्रमाण निघाले सरासरी ५४ टक्के. म्हणजे नाण्यापेक्षा जेमतेम चार अधिक!

मग यंत्र वापरले तर? पॉलिग्राफ हे यंत्र श्वसन, नाडी, रक्तदाब आणि त्वचेची विद्युत्‌वाहकता नोंदते. मन अस्वस्थ झाले की तळहाताला घाम सुटतो, घामात क्षार असतात, त्यामुळे त्वचेचा रोध कमी होतो आणि काटा हलतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात काहीही चुकीचे नाही. पण काट्याने मोजली ती अस्वस्थता, खोटेपणा नव्हे. निरपराध माणसालाही आळ आला की घाम फुटतोच. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केले, की कोणावरही अशी चाचणी त्याच्या इच्छेविरुद्ध लादता येणार नाही.

हे सारे गणिताने पाहू. तुम्ही स्वतः तोतया नाही, तेव्हा उरलेल्या नऊ जणांत दोन तोतये, म्हणजे कोणाही एकावर तुमचा संशय सुमारे २२ टक्के. सोयीसाठी असे ९० जण घ्या: २० तोतये, ७० निर्दोष. समजा, प्रश्न विचारल्यावर तोतये शंभरांत ६० वेळा अडखळतात आणि निर्दोष ५० वेळा. (हे आकडे केवळ उदाहरणापुरते.) मग अडखळणारे तोतये १२ आणि अडखळणारे निर्दोष ३५. एकूण ४७ पैकी १२, म्हणजे सुमारे २६ टक्के. संशय २२ वरून २६ वर आला, आणि एवढ्यावर आपण एकाला यानाबाहेर फेकणार!

आता वेगळी खूण घ्या. “तू कोणत्या खोलीत होतास, तिथे तुला कोण भेटले?” असे दोघांना स्वतंत्रपणे विचारले आणि उत्तरे जुळली नाहीत. समजा, तोतयाची उत्तरे शंभरांत ६० वेळा जुळत नाहीत, तर विसरभोळेपणामुळे निर्दोषांची १० वेळा. आता तोतये १२, निर्दोष ७. संशय १९ पैकी १२, म्हणजे ६३ टक्के! तोतये दोन्ही वेळी बाराच. फरक पडला तो निर्दोषांच्या संख्येमुळे. आपण नेमकी तीच मोजायला विसरतो.

पाणी आणि विरल आम्ल दिसायला सारखेच. कितीही निरखले तरी भेद कळत नाही. निळा लिटमस कागद मात्र एकात तांबडा होतो, दुसऱ्यात नाही. प्रश्नही असाच हवा. “तू तोतया आहेस का?” याला दोघेही “नाही” म्हणणार, तेव्हा तो प्रश्न वाया गेला. ‘अमंग अस’मध्ये वैद्यकीय तपासणीचे एक काम असते. ते करताना खेळाडूभोवती हिरवा प्रकाश इतरांना दिसतो आणि तोतयाला ते काम करताच येत नाही. ही सोय बंद ठेवलेली नसेल, तर त्या प्रकाशात दिसलेल्या खेळाडूवरचा संशय एकदम शून्यावर येतो.

स्वीडनमधील मारिया हार्टविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ मधला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. काही विद्यार्थ्यांना दुकानातील एका बॅगेतून पाकीट चोरायला सांगितले. इतरांनी चोरी न करता ती बॅग नुसती हलवली. बोटांचे ठसे अर्थातच दोघांचेही उमटले. पोलीस प्रशिक्षणार्थींनी मग त्यांची चौकशी केली. निम्म्यांना आधी एक युक्ती शिकवली होती: ठशांची गोष्ट लगेच सांगू नका, प्रथम सगळी हकीकत ऐका, बॅगेविषयी विचारा आणि मगच ठसे पुढे ठेवा. निर्दोष विद्यार्थ्याला बॅग हलवल्याचे लपवण्याचे कारण नव्हते. चोर मात्र बॅगेपासून दूर राहू पाही आणि त्याचे बोलणे ठशांशी विसंगत ठरे. युक्ती न शिकलेल्यांचे निदान सुमारे ५६ टक्के वेळा बरोबर आले, शिकलेल्यांचे ८५ टक्के वेळा. पुरावा तोच होता, फक्त तो दाखवण्याची वेळ बदलली.

मोबाइलवर खेळणारी मुले नेमके उलटे करतात. सभा भरताच कोणीतरी ओरडतो, “निळ्याला मी वीजघरात पाहिले!” झाले, निळा खेळाडू लगेच वीजघरातील कामाची गोष्ट रचतो. त्याऐवजी आधी त्यालाच विचारावे, “तू कुठे होतास?”

आपल्या कायद्यानेही १८७२ पासून असाच भेद मानला आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पण कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढा भाग चालतो. जुन्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी हा नियम त्याच्या २३ व्या कलमात कायम आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. चिठ्ठ्यांचा खेळ पन्नास वेळा खेळा. पहिल्या पंचवीस डावांत शिपायाने केवळ चेहरे पाहून चोर सांगावा, पुढच्या पंचवीस डावांत नाणे उडवून. दोन्ही रकाने वहीत मांडा. दोन-तीन डावांचा फरक केवळ योगायोगानेही पडतो, तेव्हा आणखी वर्गमित्रांचे आकडे मिळवून बेरीज करा आणि मगच शिपायाच्या नजरेविषयी मत बनवा.