धबधब्याच्या डोक्यावर घर!

घर बांधायचं म्हटलं की प्लॉटवर आधी जेसीबी येतो. चढ सपाट, झाड आडवं, खडक फोडलेला. ऑरगॅनिक आर्किटेक्चरवाल्यांचा खाक्या याच्या बरोब्बर उलटा. जागा आहे तशी राहणार, वळण घ्यायचं ते घराने!

या पंथाचे म्होरके अमेरिकेचे फ्रँक लॉइड राइट. पिट्सबर्गचे बडे दुकानदार एडगर कॉफमन यांना बेअर रन ओढ्याकाठी सुट्टीचं घर हवं होतं, समोर धबधबा दिसेल असं. राइटनी १९३५ मध्ये आराखडा दिला, तो थेट धबधब्याच्या वरच्या घराचा. तेच ‘फॉलिंगवॉटर’. आत बसल्यावर धबधबा दिसत नाही, पण ऐकू येतो अष्टौप्रहर.

ज्या खडकावर कॉफमन मंडळी ऊन खात पडायची, तो राइटनी जागेवरच ठेवला. आज तो हॉलमध्ये शेकोटीपाशी जमिनीतून वर आलेला दिसतो. यातली खुबी बघण्यासारखी आहे. सभोवतालच्या दगडी फरशीला मेण लावून चकाकी आणलेली, खडक मात्र कोरडाच. म्हणजे फरशी झाली ओढ्याचं पाणी, आणि त्यातून डोकं वर काढलेला हा दगड! खिडक्यांच्या काचा कित्येक ठिकाणी चौकटीशिवाय थेट दगडी भिंतीतल्या खाचेत बसवल्या आहेत. हॉलमधला एक जिना तर खाली ओढ्यापर्यंत उतरतो.

धबधब्यावर पुढे काढलेल्या अधांतरी गच्च्यांनी मात्र घोर लावला. मुख्य गच्ची सुमारे सात इंच खाली वाकली. २००२ मध्ये पोलादी केबल ताणून तिला सावरलं. २०१९ मध्ये राइट यांच्या आठ वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत हेही घर आहे.

मेक्सिकोत आर्किटेक्ट हाविएर सेनोसिआइन यांचं घर जमिनीच्या कुशीत शिरलंय. बाहेरून दिसतात ते नुसते गवताचे उंचवटे.

आपल्याकडचं मोठं नाव आर्किटेक्ट लॉरी बेकर. चीनहून इंग्लंडला परतताना बोटीसाठी मुंबईत खोळंबले आणि गांधीजींना भेटले. घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी केरळातल्या कामात पाळला. त्यांची ‘रॅट-ट्रॅप’ भिंत फार हुशारीची. विटा कडेवर उभ्या रचायच्या, मध्ये पोकळी राहते. सुमारे पाव विटा वाचतात आणि कोंडलेल्या हवेमुळे उन्हाची धग आत कमी येते. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं काम करत नाही, म्हणून तिथे त्यांनी मंगलोरी कौलं घातली. सिमेंट वाचलं, छतही देखणं झालं.

आणि पाच मैलांचा हिशेब कोकणात तर घरोघरी होता. जांभा खाणीतून काढताना मऊ, सहज तासता येणारा. हवा लागली की टणक होत जातो. गावातल्याच खाणीचे चिरे, वर उतरतं कौलारू छप्पर, मुसळधार पाऊस झेलायला पुढे काढलेली वळचण. आर्किटेक्ट नव्हता, पण पावसाची आणि जमिनीची नस गवंड्याला पक्की ठाऊक होती.