गेलेले पाय परत आले?

परसात पाचोळा ओढताना चकचकीत अंगाची सापसुरळी सळकन निघते आणि घरात ‘साप, साप’ अशी ओरड होते. कुणीतरी काठी आणायला धावतो. बिचारी सापसुरळी ना साप, ना विषारी. तिला चार पाय असतात, पण इतके तोकडे, की ती पळू लागली की दिसतच नाहीत.

तिची काही भावंडं फिलिपिन्सच्या जंगलात राहतात. त्यांची तर आणखीच गंमत. ‘ब्रॅकिमेलिस’ हे त्यांचं शास्त्रीय नाव. चाळिसाहून जास्त जाती, त्यातल्या जवळजवळ सगळ्या याच बेटांवरच्या. ओला पाचोळा, कुजके ओंडके, नारळाच्या सोडणांचे ढीग, असा यांचा मुक्काम. काहींना चार नीट पाय आणि पायाला पाच-पाच बोटं. काहींचे पाय म्हणजे नुसती काड्यांची टोकं. कातांदुआनेस बेटावरची एक जात १९९५ मध्ये नोंदली गेली, तिला पायच नाहीत!

आता कुणीही म्हणेल, आधी सगळ्यांना पाय होते, मग हळूहळू काहींचे गेले. सरळ हिशेब! पण डीएनएवरून वंशावळ मांडली तेव्हा तो उलटा निघाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार यांच्या पूर्वजांचे पाय सुमारे ६ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच गेले होते आणि काही वंशजांना ते सुमारे २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी पुन्हा फुटले. बेल्जियमचे लुई डोलो यांनी तर एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलं होतं, की उत्क्रांतीत एकदा गेलेला अवयव जसाच्या तसा परतत नाही.

मग परतले कशाला? संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या सापसुरळ्यांना पळायला आणि मातीत शिरायला लावून त्यांचा वेग मोजला. दोन्हींत पायवाल्या पुढे! त्यांचा तर्क असा : हवा कोरडी होती तेव्हा भुसभुशीत मातीत पायांची अडचणच व्हायची. पुढे पावसाळी वारे आले, जमीन ओली आणि घट्ट झाली, तिथे पाय कामाला आले. थोडक्यात, पाय आणले ते पावसानं.

सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. पाय परत आले नसून वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळी गेले असतील, अशी शंका आहेच. ओंडक्याखालच्या त्या काडीएवढ्या पायांकडे नुसतं बघून ते जायला निघालेत की यायला, हे काही सांगता येत नाही.