यंत्र धडधाकट, संगणक दिवंगत

विद्यापीठांच्या उपकरण कक्षांत एक कोपरा ठरलेला असतो. तिथे पिवळट पडलेला सीपीयू, जाडजूड काचेचा मॉनिटर आणि त्यावर चिकटवलेली सूचना असते : 'नेट जोडू नये. पेन ड्राइव्ह लावू नये. बंद करू नये.' पहिली दोन वाक्यं व्हायरसच्या धास्तीनं लिहिलेली असतात. तिसरं अनुभवातून आलेलं असतं, कारण हा संगणक एकदा बंद झाला तर पुन्हा उठेल याची खात्री कोणालाच नसते. डेड स्टॉक रजिस्टरात तो कधीच निर्लेखनाच्या यादीत गेलेला असतो. शेजारचं लाखोंचं यंत्र मात्र त्याच्यावाचून मुकं आहे.

या जोडीत आधी संगणक जातो, हे खरेदीच्या वेळी कोणी बोलत नाही. वायू क्रोमॅटोग्राफच घ्या. ह्युलेट-पॅकार्डचं ५८९० हे मॉडेल १९८४ साली आलं. तापमान नेमकं राखणारी भट्टी, बारीक लांबलचक कॉलम, वायूचे नियंत्रक आणि टोकाला डिटेक्टर, एवढाच त्याचा संसार. सेप्टम, लायनर, कॉलम बदलत राहिलं की तो दशकानुदशकं चालतो. त्या पिढीतली पुष्कळ यंत्रं संगणकाशी बोलायची ती एचपी-आयबी या जोडणीतून. ह्युलेट-पॅकार्डनं साठच्या दशकात घडवलेली ही जोडणी १९७५ साली आयईईई-४८८ या नावानं सर्वमान्य मानक झाली. तिच्या जाडजूड केबली अजून शाबूत आहेत. अडतं ते संगणकाच्या पोटातल्या कार्डापाशी. ते आयएसए स्लॉटमध्ये बसायचं, आणि २००० सालच्या आसपास घरगुती संगणकांच्या मदरबोर्डवरून तो स्लॉटच नाहीसा झाला. मग पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि 'जुना पेंटियम बोर्ड आहे का?' ही विचारणा. कारखान्यांसाठी आयएसए स्लॉटचे बोर्ड आजही बनतात, पण त्यांची किंमत ऐकून लेखा विभाग फाइल परत पाठवतो.

जुना संगणक मिळाला नाही म्हणून थोडा नवा बसवावा, तर वेगळीच गंमत. डॉसच्या काळातले अनेक नियंत्रण प्रोग्राम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले होते. सुरू होताना त्या प्रोग्राममधला एक भाग घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, संगणक किती फेऱ्या मारतो ते मोजायचा आणि त्या आकड्याला ५५ नं भागायचा. उत्तर १६ बिटांत मावेल अशी लिहिणाऱ्याची खात्री होती. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे पेंटियम आले आणि उत्तर मावेनासं झालं. पडद्यावर 'रनटाइम एरर २००' उमटायचा आणि खुलासा यायचा, शून्यानं भागाकार! भागाकार शून्यानं नव्हताच. संगणक फार वेगवान निघाला, हा त्याचा गुन्हा. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनी प्रोग्राममध्ये दुरुस्ती करून घेतली. ज्यांना नव्हतं त्यांनी यंत्रच बिघडलं असं समजून सर्व्हिस इंजिनिअरला बोलावलं.

विंडोजच्या पिढ्यांनी याहून मोठा घोळ घातला. ६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्राम चालवत नाही आणि ३२ बिटी ड्रायव्हर स्वीकारत नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. प्रत्येक तारखेला कंपन्यांचं उत्तर एकाच साच्यातलं : नवं सॉफ्टवेअर घ्या, ते जुन्या यंत्राला चालत नाही, तेव्हा नवं यंत्रही घ्या.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे व्हेरियनचे, चुंबकाच्या मदतीनं रेणूची रचना उलगडणारे एनएमआर स्पेक्ट्रोमीटर. रसेल आणि सिगर्ड या व्हेरियन बंधूंनी १९४८ साली कॅलिफोर्नियात कंपनी काढली. १९६१ च्या त्यांच्या ए-६० नं एनएमआर सामान्य रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलापर्यंत आणला. पुढच्या काळातल्या अतिवाहक चुंबकांची गोष्ट विलक्षण आहे. द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांच्या आसपास बुडालेल्या वेटोळ्यात एकदा वीज सोडली की बाहेरून पुरवठा नसतानाही ती फिरत राहते. हेलियम आणि नायट्रोजन वेळच्या वेळी भरलं तर असा चुंबक वीस-तीस वर्षं सहज काढतो. त्याला हुकूम सोडणारा संगणक मात्र नव्वदच्या दशकात सन कंपनीचा असायचा. सन २०१० साली ओरॅकलच्या पोटात गेली. त्याच वर्षी व्हेरियन एजिलंटनं घेतली आणि २०१४ च्या ऑक्टोबरात एजिलंटनं एनएमआरचा धंदाच बंद केला. जगभरच्या प्रयोगशाळांतले चुंबक तसेच जिवंत आणि त्यांचा पालक बेपत्ता.

सनच्या त्या संगणकांत आणखी एक खोच होती. संगणकाची ओळख सांगणारा क्रमांक एका चिपमध्ये असे आणि त्या चिपच्या आतच लिथियमची बॅटरी बंद केलेली असे. दहा-पंधरा वर्षांत बॅटरी संपली की संगणक स्वतःचं नाव विसरायचा आणि त्या क्रमांकाशी बांधलेला परवाना ओळख द्यायला नकार द्यायचा. यावर तंत्रज्ञांनी काढलेला उपाय म्हणजे चिपचं प्लास्टिक कानशीनं घासून आतले धागे उघडे करणं आणि त्यांना घड्याळाचा सेल डाग देऊन जोडणं. हे काम करणाऱ्या माणसाचा हुद्दा बहुधा 'प्रयोगशाळा सहायक' असतो. माझ्या मते तो संशोधनाचा सहलेखक असायला हवा.

व्हेरियनच्या बाबतीत सुदैवानं एक दार उघडलं. एजिलंटनं नियंत्रण सॉफ्टवेअरचा मूळ कोड मोकळा केला आणि ओरेगन विद्यापीठाच्या पुढाकारानं 'ओपनव्हीएनएमआरजे' नावानं तो वाढतो आहे. आजच्या लिनक्सवर चालतो आणि बंद झालेल्या धंद्याची यंत्रं त्यावर अजून स्पेक्ट्रम काढतात. धंदा बंद करतानाही कंपनीला हे करता येतं, एवढं यातून सिद्ध झालं. इतरांनी ते केलं नाही, यात तांत्रिक अडचण नव्हती.

आभासी संगणकात जुनी प्रणाली ठेवणं हा दुसरा मार्ग. यंत्र सीरियल पोर्टवर किंवा नेटवर्क केबलवर बोलत असेल तर हे छान जमतं. कार्डावर बोलत असेल तर बहुधा नाही. यूएसबीतून सीरियल काढणाऱ्या स्वस्त केबलीही जपून घ्याव्यात. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरनं, तेही विंडोज अपडेटमधून येऊन, आपल्या चिपच्या नकला ओळखून निकामी केल्या होत्या. शिक्षा मिळाली ती केबल विकत घेणाऱ्याला.

जुन्याच्या प्रेमात आंधळंही होऊ नये. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा संगणकी विषाणू पसरला तेव्हा ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतले एमआरआयसुद्धा अडकले. पुढच्याच वर्षी तैवानच्या टीएसएमसीत नवं यंत्र जोडताना तोच विषाणू आत आला आणि चिपचं उत्पादन थांबलं. म्हणजे जुना संगणक संस्थेच्या नेटवर्कपासून तोडूनच ठेवावा आणि आकडे बाहेर काढायला मध्ये एक छोटा लिनक्स संगणक बसवावा. औषध कारखान्यात तर सूटच नाही. अमेरिकी एफडीएचा १९९७ चा 'भाग ११' प्रत्येक नोंद कोणी, कधी बदलली याचा माग मागतो. सगळ्यांचा पासवर्ड एकच असलेला डॉसचा प्रोग्राम तिथे निवृत्तच करायला हवा.

आपल्याकडे व्यवस्था नाही असं नाही. आयआयटी मुंबईतलं सैफ हे सामायिक उपकरणांचं केंद्र सत्तरच्या दशकात सुरू झालं. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचं पश्चिम विभागीय उपकरण केंद्र आहे. २०२० च्या जानेवारीत आय-स्टेम पोर्टल आलं आणि कुठलं यंत्र कुठे आहे ते कळू लागलं. पण कुठल्या कपाटात कुठल्या जुन्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी आहे, कोणाकडे जास्तीचं कार्ड पडून आहे, याची यादी त्याहून जास्त उपयोगी पडेल. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्रानं 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं घेतली. प्रयोगशाळेची उपकरणं तिथे वेगळं क्षेत्र म्हणून नाहीत.

म्हणून जे करायचं ते निविदेतच. मूळ इन्स्टॉलर आणि परवाना संस्थेच्या ताब्यात, यंत्राशी बोलण्याच्या आज्ञांचं दस्तऐवजीकरण, आणि आकडे जेकॅम्प किंवा एमझेडएमएलसारख्या खुल्या स्वरूपात काढण्याची सोय, या तीन अटी खरेदीआधी लिहून घ्या. वार्षिक देखभाल कराराच्या (एएमसी) वाटाघाटीत नंतर त्या मिळत नाहीत. आणि उपकरण कक्षाची किल्ली तुमच्याकडे असेल तर एक काम दिवाळीच्या सुट्टीआधीच उरका : त्या कोपऱ्यातल्या संगणकाच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून दोन ठिकाणी ठेवा. तीन आठवडे बंद राहिलेली जुनी डिस्क सुट्टीनंतर फिरेलच, असं गृहीत धरू नका.