भायखळ्याची वर्दी

मुंबईच्या अग्निशमन दलात आग लागल्याच्या निरोपाला ‘वर्दी’ म्हणतात. कुणीतरी 101 फिरवतो, वर्दी येते, घंटा वाजते आणि बंब बाहेर पडतो. दलाचं मुख्यालय भायखळ्याला, स्टेशनच्या पश्चिमेला बापूराव जगताप मार्गावर आहे. तिथे बंब कायम रस्त्याकडे तोंड करून उभे असतात. वर्दी आल्यावर गाडी मागे घेण्यात वेळ जाता कामा नये, म्हणून.

भायखळा पाहायला येणारे राणीच्या बागेत जातात, भाऊ दाजी लाड संग्रहालयात जातात, उड्डाणपुलाच्या फाट्यांमध्ये अडकलेल्या खड्या पारशाकडे मान वर करून बघतात. मुख्यालयाच्या दारातून हाच परिसर वेगळा दिसतो. कुठल्या गल्लीत बंब शिरेल, कुठला जिना लाकडी आहे, पाणी कुठून मिळेल, असा तो नकाशा असतो.

हा नकाशा घडला कापसाच्या काळात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भायखळा म्हणजे साहेबांचे बंगले, क्लब आणि घोड्यांच्या शर्यती. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी इथून गेली. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला कापड गिरणी उभारायला घेतली. पुढच्या काही दशकांत ताडदेव, भायखळा, परळ हा पट्टा धुराड्यांनी भरला. 1862 मध्ये खुली झालेली राणीची बाग आणि तिच्या कडेला 1872 मध्ये उघडलेलं संग्रहालय एवढी मोकळी हवा त्यात उरली.

कापूस आगीच्या बाबतीत कपटी. घट्ट बांधलेली गाठ वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. ती फोडून पिंजल्याशिवाय पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. अशा मालाच्या शहरात आग विझवणं हे बराच काळ पोलिसांचं जोडकाम होतं. 1 एप्रिल 1887 पासून कायद्याने ती जबाबदारी नगरपालिकेकडे आली. तेव्हा बंब घोडे ओढत. दूरच्या आगीपर्यंत घोडे दमत, म्हणून केंद्रं जवळजवळ असणं गरजेचं होतं. पहिला मोटारबंब 1907 मध्ये आला आणि 1920 पर्यंत तबेले रिकामे झाले.

गिरण्यांमागोमाग माणसं आली. 1896 च्या प्लेगनंतर बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) स्थापन झाला. त्याने नागपाड्यातल्या दाट वस्तीत रुंद रस्ते काढले, आग्रीपाड्याला बीआयटी चाळी बांधल्या. साथीवर उपाय म्हणून काढलेले ते रस्ते बंबांच्याही उपयोगी पडले. मदनपुऱ्याच्या गल्ल्या मात्र आजही अरुंद. खाली कारखाना, वर बिऱ्हाड, मध्ये माल ठेवलेला जिना. मुख्यालयाजवळच मसीना रुग्णालय आहे. डेव्हिड ससूनच्या जुन्या महालातलं हे रुग्णालय भाजलेल्या रुग्णांवरच्या उपचारांसाठी मुंबईभर ओळखलं जातं. आगीतून बाहेर काढलेल्या माणसाची पुढची लढाई तिथे सुरू होते.

दलाच्या इतिहासातली सर्वांत मोठी वर्दीही कापसाशी जोडलेली आहे. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि कापसाच्या हजारो गाठी होत्या. दुपारी धूर दिसला, बंब धावले. आतल्या गाठी धुमसतच राहिल्या आणि चारच्या सुमारास जहाज फुटलं. अर्ध्या तासानंतर दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. पेटते तुकडे मांडवी आणि मशीद बंदरच्या घरांवर, वखारींवर कोसळले. शेकडो माणसं गेली. त्यांत दलाचे 66 जवान होते.

आता गिरण्यांचा कापूस संपला आहे. धोक्याने जागा सोडलेली नाही. कमला मिलच्या आवारात डिसेंबर 2017 मध्ये गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 जण गेले. टोलेजंग इमारतींसाठी दलाकडे 90 मीटर उंचीची शिडी आहे, पण तिला आधाराचे पाय पसरायला भक्कम, मोकळी जमीन लागते. दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या रस्त्यावर ती जागा सापडणं कठीण. जुन्या इमारतींचा धोका निराळा आहे. 9 मे 2015 रोजी काळबादेवीत गोकुळ निवास ही इमारत जळत असताना कोसळली. त्या दुर्घटनेत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. सगळ्यात वरचा अधिकारीही आगीच्या तोंडाशी उभा असतो, हे शहराला तेव्हा कळलं.

गोदीतल्या त्या स्फोटाच्या आठवणीत 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुख्यालयात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. बाहेर, गिरणीकामगारांच्या जुन्या चाळींत, त्याच दिवशी भीमजयंतीची लगबग असते. निळे झेंडे, पताका, संध्याकाळच्या मिरवणुकीची तयारी. रस्ते रात्री भरून वाहतात आणि कुठल्या गल्लीत किती गर्दी असेल, हे ड्यूटीवरच्या जवानाच्या त्या नकाशात एका दिवसापुरतं वाढतं. मानवंदना झाली, की टोपी उतरवून तो पुन्हा जागेवर येतो. बंब धुऊन, टाकी भरून तयार असतो, तोंड रस्त्याकडे.