घड्याळाचे चालणे आणि घड्याळाचा चेहरा

वडिलांचे किंवा आजोबांचे जुने स्विस घड्याळ कपाटात सापडले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नवेकोरे करून घेऊ. दुसरा म्हणतो, आहे तसे राहू दे. आमच्याकडे हा वाद वडिलांच्या फेवर ल्युबावरून झाला. त्या निमित्ताने ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या जुन्या घड्याळजींशी बोललो, थोडे वाचन केले. त्यातून लक्षात आले की आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो. घड्याळाचे चालणे हा एक आणि त्याचा चेहरा हा दुसरा.

फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ साली मुंबईत आली. पुढे मध्यमवर्गीय घरात हे घड्याळ म्हणजे आयुष्यात एकदाच होणारी चैन ठरले. रेल्वे ठाण्याला १८५३ मध्ये आणि कल्याणला १८५४ मध्ये पोहोचली. त्यानंतर या पट्ट्यातला माणूस गाडीच्या वेळेवर जगू लागला. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने घाम, पावसाळी दमटपणा आणि डब्यातल्या दांड्यांचे ओरखडे सोसले. तबकडीवरचे डाग आणि केसवरची झीज ही त्याचीच नोंद आहे.

आधी चालण्याचे पाहू. चावीच्या जुन्या घड्याळांत तासाला १८,००० ठोके हे प्रमाण सर्रास आढळते. म्हणजे दिवसाला ४,३२,०००. आतले तेल वाळले आणि त्यात धूळ मिसळली की चक्रांची बारीक टोके झिजू लागतात. चावीच्या फटीतून ओल शिरली तर पोलादी भाग गंजतात. म्हणून ‘आहे तसेच’ ठेवून अधूनमधून चावी देणे ही जपणूक नव्हे. मशीन उघडून धुणे, तेल देणे, तुटलेली स्प्रिंग बदलणे यात घड्याळाचे काहीच हरवत नाही. ओरखडलेली काचही बदलता येते.

चेहऱ्याचे तसे नाही. मुलामा दिलेल्या अनेक केसांवर सोन्याचा थर १० किंवा २० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पॉलिशच्या चाकावर तो थर उडतो आणि खालचे पितळ दिसू लागते. पोलादी केसच्या धारदार कडाही घासून गोल होतात. तबकडी रंगवताना तर मूळची छपाई पुसूनच नवी करतात. अशा भडक रंगाच्या, अक्षरे जराशी चुकलेल्या घड्याळांना संग्राहकांनी ‘मुंबई स्पेशल’ असे नाव दिले आहे. त्यात कारागिरी आहे, त्यांनी स्वस्तातली घड्याळे मनगटांवर टिकवली हेही खरे. पण ती तबकडी आता त्या घराची राहत नाही.

आणखी एक इशारा. जुन्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. तो रंग घरी खरवडू नये.

वास्तूंच्या जतनात हा वाद जुना आहे. १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबवावी. उलट, ‘इन्टॅक’ या संस्थेची २००४ ची सनद आपल्या जीर्णोद्धाराच्या परंपरेला मान देते. जिवंत वास्तूत कारागिराने नवे घडवावे, हे तिला मान्य आहे. मग घड्याळाचाही जीर्णोद्धार का करू नये? करावाच, पण कशाचा ते ओळखून. अंबरनाथच्या शिवमंदिराचा काळ आपल्याला कळतो तो तिथल्या शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखामुळे. अक्षरे झिजली म्हणून कोणी ती घासून आपल्या समजुतीने पुन्हा कोरली असती, तर मंदिर उभे राहिले असते आणि पुरावा गेला असता. घड्याळाचे मशीन ही त्याची चालू पूजा आहे. तबकडी हा त्याचा शिलालेख.

बाजारही हेच मानतो. पॉल न्यूमन या नटाचे वापरलेले रोलेक्स २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले. त्याच्या पाठीवर पत्नीने कोरून घेतलेला संदेश तसाच होता. आपल्या घरच्या घड्याळाला अशी किंमत येणार नाही. पण ते कोणाचे होते, हे सांगणाऱ्या खुणांचे मोल तिथेही आहे आणि इथेही.

म्हणून दुकानात घड्याळ देताना चिठ्ठीवर लिहून घ्यावे: मशीन साफ करावे, तबकडी रंगवू नये, केस पॉलिश करू नये, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा. तबकडीचा रंग सुटून आत पडत असेल, तर दुसरी तबकडी बसवावी आणि मूळची कागदात गुंडाळून घड्याळासोबत ठेवावी. उद्या नातवाला नवी तबकडी आवडली तर तो ती ठेवील, नाहीतर जुनी पुन्हा बसवील. पुसून रंगवलेल्या तबकडीच्या बाबतीत मात्र त्याला निवड करायला काही उरत नाही.