गाय-म्हैस गाभण आहे कीं नाहीं, हें वेळींच कसें ओळखावें?

बैलाची पारख करणारे लोक आपल्या शेतकरी वर्गांत पुष्कळ आढळतात. परंतु गोठ्यांतील गाय किंवा म्हैस खरोखर गाभण आहे कीं नाहीं, हें पहिल्या दोन-तीन महिन्यांत निश्चित करून घेणारे थोडे. पोट दिसूं लागेपर्यंत वाट पाहण्याचीच सर्वत्र रीत आहे. ह्या वाट पाहण्याची किंमत काय पडते, तें आम्ही स्वानुभवानें जाणतों.

आमच्या दारीं एक म्हैस होती. ती कळपाबरोबर रानांत चरावयास जात असे. पुढें तिचें दूध कमी होत होत बंद झालें, व कित्येक महिने ती माजावर आलेली कोणाच्या पाहण्यांत आली नाहीं. आम्हीं ती भाकड ठरवून बाजारांत मिळेल त्या किमतीस विकून टाकली. घेणाऱ्यानें तिच्या उजव्या कुशीस मूठ लावून पाहिली आणि मुकाट्यानें पैसे मोजले. चार महिन्यांनीं ती त्याच्या घरीं व्याली. रानांत रेडा लागून ती फळली होती, आणि आमच्यापाशीं त्याची कसलीही नोंद नव्हती. लोकांच्या जमिनींच्या नोंदी ठेवण्यांत ज्यांची हयात गेली, त्या आम्हांस स्वतःच्या दावणीची नोंद ठेवतां आली नाहीं, ह्याची लाज आजही वाटते.

आतां मूळ विषयाकडे वळूं. गाभण राहिल्याची पहिली खूण म्हणजे माज न उलटणें ही होय. गाय व म्हैस सुमारें 21 दिवसांनीं पुन्हां माजावर येते. कांहीं जनावरांत हें अंतर 18 पासून 24 दिवसांपर्यंत असतें. म्हणून जनावर भरविल्यापासून अठराव्या दिवशींच पाळत सुरू करावी, आणि ती आठवडाभर चालवावी. हंबरणें, बेचैन होणें, वारंवार थोडें थोडें मुतणें, काचेसारखा स्वच्छ व लोंबता बळस टाकणें, दुसऱ्या जनावरानें अंगावर उडी घेतली असतां स्थिर उभें राहणें, हीं माजाचीं लक्षणें होत. तीं न दिसल्यास गाभ राहिल्याचा संभव आहे. दुसरी पाळत 42 व्या दिवसाच्या सुमारास ठेवावी.

परंतु उलटली नाहीं म्हणजे गाभण, असें समजून स्वस्थ बसणें ही मोठी चूक आहे. म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो. ती ओरडत नाहीं, उड्याही घेत नाहीं, आणि उन्हाळ्यांत तर माज ओळखणें फारच कठीण जातें. म्हणून पहांटे व रात्रीं, जनावर निवांत बसलें असतां, बळस पडला आहे काय तें पाहावें. कधीं गर्भाशयांत पू झाल्यामुळें, कधीं चारा अपुरा पडून जनावर खंगल्यामुळें माज बंद पडतो, व मालक मात्र गाभण समजून खुराक चालू ठेवतो. ह्याच्या उलट, कांहीं गाभण गाईही माजासारखीं लक्षणें दाखवितात. अशा गाईस पुन्हां कृत्रिम रेतन केल्यास नळी गर्भाशयांत जाऊन गाभ पडण्याचें भय असतें. सबब मागें भरविलेली गाय पुन्हां माजावर दिसल्यास पूर्वीची तारीख सांगून आधीं तपासणी करवावी.

बाकीचीं लक्षणें उशिरांचीं आहेत. जनावर शांत होतें, अंगानें भरतें, दूध हळूहळू उतरतें. पण एवढ्यावरून निर्णय करूं नये. पहिलारू कालवडीची कास चौथ्या-पांचव्या महिन्यापासून भरूं लागते. व्यालेल्या गाईची मात्र विण्याच्या अगदीं अगोदर भरते. डाव्या बाजूस चाऱ्याचें मोठें पोट असल्यामुळें गाभ उजव्या कुशींत कळतो. सहाव्या-सातव्या महिन्यांत त्या कुशीस मुठीनें हलकेंच दाबून सोडल्यास आंतील वासरूं हातास लागतें. पण तोंवर अर्धा काळ निघून गेलेला असतो.

खात्रीचा मार्ग एकच, व तो पशुवैद्याच्या हातीं आहे. भरविल्यापासून दोन ते अडीच महिन्यांनीं गुदद्वारांतून हात घालून तो गर्भाशय चांचपतो व गाभ आहे कीं नाहीं तें सांगतो. जेथें सोनोग्राफीची सोय आहे, तेथें महिन्याभरांतच कळूं शकतें. मात्र आरंभींचा गाभ कधींकधीं आंतल्या आंत जिरून जातो, म्हणून तेथेंही पुढें एकदां पुन्हां पाहून घ्यावें. अडाणी माणसास हात घालूं देऊं नये. त्यानें गाभास व गर्भाशयास इजा होते.

हिशेब सरळ आहे. गाय सुमारें 280 दिवसांनीं व म्हैस सुमारें 310 दिवसांनीं विते. 1 जून रोजीं भरविलेली गाय 8 मार्चच्या सुमारास, व म्हैस 7 एप्रिलच्या सुमारास व्यावी. वर्षास एक वेत पाहिजे असेल, तर गाय व्याल्यानंतर 85 दिवसांच्या आंत गाभण राहिली पाहिजे. एक माज चुकला कीं 21 दिवसांचा चारा बिनदुधाचा गेला. शिवाय तारीख ठाऊक असेल, तरच विण्यापूर्वीं दोन महिने जनावर आटवितां येतें व शेवटच्या महिन्यांत खुराक वाढवितां येतो. आणि पुढचें दूध व वासराची प्रकृति ह्या दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

म्हणून आमची विनंती एवढीच, कीं प्रत्येकानें गोठ्यांत एक वही टांगून ठेवावी. जनावराचें नांव, व्याल्याची तारीख, माजाची तारीख, भरविल्याची तारीख, तपासणीचा निकाल व विण्याची अदमासें तारीख, एवढे सहा रकाने पुरेत. आमच्या म्हशीच्या नांवापुढें असा एक रकाना जरी भरलेला असता, तरी ती दुसऱ्याच्या दावणीस व्याली नसती.