रंग टिकतो कसा?

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी येथे केदारेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पे शेकडो वर्षे ऊन, वारा व पाऊस सोशीत उभी आहेत. त्याच मंदिरापुढे काढलेले आपले रंगीत छायाचित्र मात्र भिंतीवर टांगले, की काही वर्षांत फिके पडू लागते. असे का व्हावे?

शिल्प दगडातच कोरलेले असते. छायाचित्र हा रंगद्रव्याचा पातळसा ठसा असतो. छायाचित्रकाराच्या दुकानात पुष्कळदा उष्णतेने चित्र छापणारे यंत्र असते. त्यातील फितीवर पिवळा, किरमिजी व आकाशी निळा असे रंग क्रमाने लावलेले असतात. यंत्रातील अतिसूक्ष्म तापक जेथे तापतात, तेथील रंग फितीतून सुटून कागदावरील लेपात शिरतो. उष्णता जितकी अधिक, तितका रंग गडद. तिन्ही रंग एकावर एक उमटले, की चित्र पूर्ण होते.

परंतु असा शिरलेला रंग लेपात मोकळाच असतो. प्रकाश व प्राणवायू त्याचे विघटन करतात, उष्णतेने तो पसरतो आणि बोटांच्या तेलकटपणाने डागाळतो. यावर उपाय दोन. चित्रावर पारदर्शक थर चढविला, म्हणजे हवा व स्पर्श यांपासून रक्षण होते. दुसरा उपाय अधिक खोल जाणारा आहे. कागदाच्या लेपात धातूचे संयुग आधीच मिसळून ठेवतात. खेकड्याने नांगीत भक्ष्य धरावे, तसा रंगाचा रेणू त्या धातूला घट्ट धरतो. मग तो सहसा हलत नाही व प्रकाशालाही अधिक काळ तोंड देतो.

या युक्तीचे तत्त्व आपल्या रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून अवगत होते. आल किंवा मंजिष्ठ यांच्या मुळांचा लाल रंग नुसत्या सुती कापडावर नीट टिकत नाही. म्हणून ते कापडाला तुरटीचा संस्कार करीत. तुरटीतील ॲल्युमिनियम एकीकडे धाग्याला व दुसरीकडे रंगाला बांधून ठेवी. यास्तव तुरटीला रंगबंधक म्हणतात. इजिप्तमधील फुस्तात या जुन्या नगरीच्या अवशेषांत भारतीय रंगाऱ्यांच्या कापडाचे तुकडे सापडले आहेत. शेकडो वर्षांनंतरही त्यांवरील लाल रंग ओळखू येतो.

मुलांनो, कित्येक घरांत आजोबा-आजींचे एखादेच छायाचित्र असते. ते फिके झाले, तर तो चेहरा पुन्हा कोठून आणावा? म्हणून छायाचित्र उन्हात टांगू नये, कडेला धरूनच हाताळावे आणि मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. कारण असे प्लॅस्टिक रंग ओढून घेते. कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागी ठेवलेले चित्र पुढच्या पिढीलाही पाहावयास मिळेल.